धुक्यातून पिण्याचे पाणी : सातपुड्यातल्या पाड्यांना त्याचा उपयोग होईल का?

डोंगरशाळा (7 डिसेंबर)

नमस्कार मंडळी. मी मूळचा अमळनेर तालुक्यातला. गेली अकरा वर्षे धडगाव तालुक्यातील एका पाड्यावरच्या शाळेत शिकवतो आहे. पाडा डोंगराच्या सोंडेवर आहे आणि पाण्याचा झरा खाली दरीत. एप्रिल लागला की झऱ्याची धार इतकी बारीक होते, की बायका दगडाच्या खोबणीत साचलेले पाणी वाटीने उपसून हंड्यात ओततात. एक हंडा भरायला पाऊण तास लागतो आणि तो डोक्यावर घेऊन पुन्हा चढण चढायची असते. माझ्या वर्गातल्या मुली उन्हाळ्यात सकाळच्या शाळेला उशिरा येतात, त्याचे कारण हेच.

याच सोंडेवर पावसाळ्यात आणि थंडीतल्या काही पहाटे इतके दाट धुके असते, की ओट्यावरून झेंड्याचा खांब दिसत नाही. परवा कुंपणाच्या तारेच्या जाळीकडे पाहत होतो. प्रत्येक चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात एकेक थेंब लोंबत होता, वरचा थेंब ओघळून त्यात मिसळला की दोन्ही मिळून खाली पडत होते आणि जाळीखाली मातीची एक ओली रेघ उमटली होती. लहानपणी आई हरभऱ्याच्या शेतात रात्री धुतलेले धोतर पसरून ठेवायची आणि पहाटे ते पिळून आंब, म्हणजे हरभऱ्यावरचे आंबट दव, काढायची, त्याची आठवण झाली. चिली आणि मोरोक्को या देशांत डोंगरावर जाळ्या उभारून गावांना पाणी दिल्याचे वाचले आहे. आपल्याकडे हे जमेल का? कोणी प्रत्यक्ष पाहिले असेल, किंवा हिशोब मांडून दाखवू शकत असेल, तर कृपया लिहावे.

तापीकाठ

सर, चोपडा तालुक्यात आमची शेती आहे. आमच्या बाजूला धुई पडली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. कांद्यावर करपा, आंब्याच्या मोहोरावर भुरी, हरभऱ्याची फुलगळ हे सगळे तिच्या पाठोपाठ येते, म्हणून दोन दिवस धुई राहिली की आम्ही फवारणीचा पंप बाहेर काढतो. दादरीची, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीची, गोष्ट मात्र वेगळी आहे. काळ्या जमिनीतली ओल आणि रात्रीचे दव एवढ्यावर हे पीक निघते, आणि दादरीला दवच पाणी असे माझे वडील नेहमी सांगत. तेव्हा हवेत पाणी असते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ते भांड्यात कसे आणायचे, हे मला कधी सुचले नव्हते. हा धागा वाचत राहीन.

जहाजी

मी सव्वीस वर्षे व्यापारी जहाजावर नोकरी केली. उत्तर चिलीतल्या बंदरांना आमचे जहाज अनेकदा लागले आहे. तो किनारा जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक आहे, वर्षानुवर्षे पाऊस पडत नाही, तरी पहाटे डेकवर आलो की कठड्याचे लोखंड ओले असायचे आणि दोरखंड पिळला तर पाणी निघायचे. या धुक्याला तिथले लोक कामांचाका म्हणतात. किनाऱ्यालगत हम्बोल्ट हा थंड सागरी प्रवाह वाहतो, त्याच्यावरची दमट हवा गार होऊन ढगांचा सपाट थर तयार होतो आणि वारा तो थर किनाऱ्यामागच्या डोंगरांवर ढकलतो. खालून पाहिले तर तो ढग असतो, डोंगरावर उभे राहिले तर तेच धुके.

ज्या गावाबद्दल सरांनी वाचले असावे, ते चुंगुंगो. वर एल टोफो नावाचा डोंगर आहे. तिथे 1987 मध्ये काम सुरू झाले, 1992 मध्ये गावात नळ आले, आणि पुढे प्रत्येकी 48 चौरस मीटरच्या सुमारे 100 जाळ्या उभ्या राहिल्या. तीनशेच्या वर वस्ती असलेल्या त्या मासेमारांच्या गावाला दिवसाला सरासरी 15000 लिटरच्या आसपास पाणी मिळे, म्हणजे जाळीच्या एका चौरस मीटरमागे साधारण 3 लिटर. त्याआधी सगळे गाव टँकरवर अवलंबून होते.

मात्र याच गोष्टीचा दुसरा भागही सांगायला हवा. सुमारे दहा वर्षांनी ती व्यवस्था मोडकळीला आली आणि गाव पुन्हा टँकरकडे वळले. डोंगरावर धुके तेव्हाही येत होते, पण फाटलेली जाळी शिवायला वर जाणारे कोणी उरले नव्हते.

भुसावळकर

आमच्याकडे मे महिन्यात जाळी लावली तर पाणी मिळणार नाही, पण तिच्यावर कुरडया फार लवकर वाळतील. गंमत बाजूला ठेवतो. सर, वाटीने हंडा भरण्याचे वाचून मन हलले. जाळीच्या खर्चाला हातभार लागणार असेल तर मला नक्की कळवा.

पदार्थविज्ञान_धुळे

सरांनी हिशोब मागितला आहे, तो मांडून पाहू. आधी एक फरक लक्षात घ्यावा. आईच्या धोतरावर पडायचे ते दव. निरभ्र आणि शांत रात्री कापड, पान किंवा पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षा थंड होतो आणि हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन जमते. धुके म्हणजे आधीच पाणी झालेले, हवेत तरंगणारे सूक्ष्म थेंब असतात. ते साधारण 1 ते 40 मायक्रोमीटर व्यासाचे असतात, आणि जाळी फक्त त्यांची वाट अडवते. म्हणून दवाला वारा नको असतो, तर जाळीला वाऱ्यावाचून काहीच मिळत नाही.

आता आकडे. एका घनमीटर धुक्यात साधारण 0.05 ते 0.5 ग्रॅम पाणी असते. आपण 0.2 ग्रॅम धरू. वारा सेकंदाला 5 मीटर वेगाने वाहत असेल, तर 1 चौरस मीटर जाळीतून दर सेकंदाला 5 घनमीटर हवा, म्हणजे 1 ग्रॅम पाणी जाते. तासाला 3.6 लिटर झाले. साध्या जाळीने त्यातला पाचवा हिस्सा अडवला तरी पाऊण लिटरच्या जवळपास पडते. हेच धुके तापीच्या खोऱ्यातल्या थंडीच्या पहाटेचे असेल, वारा जेमतेम अर्धा मीटर असेल, तर जाळीपर्यंत येणारे पाणीच दशांशावर येते. त्यातही हळू चालणारे बारीक थेंब धाग्यावर आदळण्याऐवजी हवेबरोबर त्याला वळसा घालून निघून जातात. सकाळी जाळी ओली दिसेल, पण भांड्यात काही पडणार नाही.

तेव्हा सरांना माझे तीन प्रश्न आहेत. तुमच्या सोंडेवर धुके असताना वारा असतो का? वर्षात असे किती दिवस येतात? आणि पाण्याची टंचाई असते त्या महिन्यांत त्यांतला एक तरी दिवस असतो का? सगळे तिसऱ्या प्रश्नावर अडेल असे मला वाटते. चिलीच्या डोंगरावर धुके वर्षभर येत राहते, कारण त्याच्या पाठीशी थंड समुद्र आहे. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते, की धुके तयारच होत नाही.

रोपवाटिका_रावेर

हिशोब पटला, पण मोजल्याशिवाय सोडू नये. या कामासाठी जगभर जी राशेल जाळी वापरतात, ती म्हणजे आपल्या केळीच्या रोपवाटिकेतले शेडनेटच आहे. आम्ही 50 आणि 75 टक्के सावलीचे वापरतो, धुक्यासाठी 35 टक्के सावलीचे दुहेरी लावतात. दोन थर वाऱ्याने एकमेकांवर घासले की थेंब सुटून खाली येतात.

चाचणीची चौकटही ठरलेली आहे. शेमेनॉवर आणि सेरेसेडा या दोन संशोधकांनी 1994 मध्ये तिची मापे मांडली : 1 मीटर बाय 1 मीटर जाळी, तिची खालची कड जमिनीपासून 2 मीटर उंच, तोंड वाऱ्याकडे, खाली पन्हळ आणि पन्हळीतून नळी भांड्यात. सर, दोन लोखंडी अँगल, शेडनेटचा तुकडा, पन्हळीसाठी उभा चिरलेला पीव्हीसी पाइप आणि 20 लिटरची कॅन एवढेच साहित्य लागते. जाळी घट्ट ताणावी, पण शिवण दुहेरी घालावी, कारण आमच्या अनुभवात वावधानात शेडनेट मधून फाटत नाही, कडेला उसवते. तुकडा आणि पाइप मी पाठवतो. पैशांचे बोलू नका.

सुनंदा_नंदुरबार

मी पंधरा वर्षे अक्कलकुवा आणि धडगाव भागात महिला बचत गटांबरोबर काम केले आहे. जहाजीदादांनी चुंगुंगोचा शेवट सांगितला हे बरे झाले, कारण असा शेवट मी जवळून पाहिला आहे. एका पाड्यावर बाहेरून आलेल्या एका संस्थेने सौरपंप बसवला, फीत कापली, फोटो काढले. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचा एक सुटा भाग जळाला. तो कुठे मिळतो हे गावात कोणालाच सांगितलेले नव्हते. पंप अजून तिथेच आहे आणि त्याच्या पट्टीवर बायका मिरच्या वाळवतात. दोष पंपाचा नव्हता. पाणी भरणाऱ्या बाईला त्या बैठकीत बसवलेच नव्हते.

नैर्ऋत्य मोरोक्कोत बुतमेझगिदा नावाचा डोंगर आहे, उंची सुमारे 1225 मीटर. तिथे दार सी हमाद या संस्थेने जाळ्या उभारल्या आणि 2015 मध्ये खालच्या, बर्बर नावाच्या तिथल्या मूळ समाजाच्या गावांत नळ आले. त्याआधी तिथल्या बायकांचे रोजचे कित्येक तास पाणी आणण्यात जात. पहिल्या जाळ्या तिथल्या जोरदार वाऱ्यात फाटत, म्हणून पुढे जर्मन रचनेच्या, रबरी जोडांवर ताणलेल्या मजबूत जाळ्या बसवल्या. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की संस्था गाव सोडून गेली नाही आणि जाळ्यांची देखभाल चालू राहिली. सर, तुम्ही चौकट उभी कराल तेव्हा नोंदवही मुलींच्या हाती द्या, आणि जागा कुठली हे त्यांच्या आयांना विचारा. धुके कुठल्या खिंडीतून येते, हे लाकडाला जाणाऱ्या बाईइतके कोणालाच माहीत नसते.

नाला_बंधारा

मला हा सगळा खटाटोप अनाठायी वाटतो. धुळे जिल्ह्यात शिरपूरला 2004 पासून भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधण्याचे काम उभे केले आणि कोरड्या विहिरींना पाणी आले. त्याआधी कित्येक पिढ्या पांझरा नदीवर बंधारे घालून फड पद्धतीने, म्हणजे सामूहिक पाटपाण्याने, शेत भिजवणारी माणसे आपल्याच मुलखातली. एवढे सिद्ध उपाय हाताशी असताना डोंगरावर जाळ्या लावून थेंब मोजत बसण्यात वेळ का घालवावा?

डोंगरशाळा

नाला_बंधारा भाऊ, तुमचे म्हणणे खोऱ्यासाठी शंभर टक्के खरे आहे, आणि त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण आमचा पाडा सोंडेच्या माथ्यावर आहे. आमच्यावर पडलेला पाऊस दोन तासांत खालच्या नाल्यात जातो, म्हणून बंधारा बांधला तरी पाणी खालीच साचते, आणि प्रश्न ते वर आणण्याचा आहे. जाळीतले पाणी डोंगराच्या वरच्या अंगाला मिळते आणि उताराने आपोआप घरापर्यंत येते. माझे मन तिच्याकडे ओढले गेले ते यासाठी.

पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापक सरांच्या प्रश्नांची उत्तरे : पावसाळ्यात धुक्याबरोबर वारा असतो, पश्चिमेकडून आणि चांगला जोरात. थंडीत नसतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा मोजूनच देईन.

रानवाटा_साक्री

जाळी नव्हती तेव्हाही धुके अडवणारे होतेच. कॅनरी बेटांपैकी एल हिएरो या बेटावर गारोए नावाचा एक वृक्ष होता. त्याच्या पानांवरून टपकणारे धुक्याचे पाणी खालच्या खड्ड्यांत साठवून तिथले मूळ रहिवासी पीत. 1610 मध्ये वादळात तो उन्मळून पडला. तोरणमाळला श्रावणात गेलेल्या कोणालाही हे चटकन कळेल : पाऊस थांबलेला असतो, मोकळा रस्ता सुकू लागलेला असतो, आणि झाडाखाली मात्र टपटप चालूच असते. खोडाच्या वाऱ्याकडच्या अंगाला शेवाळ दाट असते, त्यावरून धुके कुठून येते तेही समजते.

आमच्या साक्री तालुक्यात बारीपाड्याच्या लोकांनी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने उजाड झालेले जंगल राखले, तेव्हा गावात पाणी परत आले. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथले श्रेय मुख्यतः पावसाचे पाणी मुरण्याला आहे, धुक्याला नाही. पण माथ्यावरचे झाड ही दोन्ही कामे करते, आणि त्याची शिवण उसवत नाही.

तापीकाठ

दवाचा विषय मीच काढला होता, म्हणून पुढचे विचारतो. धुके नसेल तर उन्हाळ्यात दव गोळा करता येईल का?

पदार्थविज्ञान_धुळे

कच्छमध्ये कोठारा येथे अहमदाबादच्या आयआयएमचे गिरजा शरण यांनी छपरांवर आणि जमिनीवर उतरते पृष्ठभाग बसवून दव गोळा केले आहे. तिथे समुद्र जवळ असल्याने उन्हाळ्यातल्या रात्रीही हवा दमट असते. पण दवाची मर्यादा निसर्गानेच ठरवलेली आहे. रात्रभरात पृष्ठभाग जेवढी उष्णता आकाशात टाकू शकतो त्यावरून पाहता, अगदी उत्तम रात्रीही 1 चौरस मीटरवर साधारण 0.8 लिटरच्या पुढे जाता येत नाही, आणि प्रत्यक्षात हाती येते ते याहून बरेच कमी. खानदेशातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत पत्रा पहाटेपर्यंत दवबिंदूच्या तापमानापर्यंत उतरतच नाही.

निसर्गमित्र

थोडे विषयांतर करतो. नामिब वाळवंटातला एक काळा भुंगेरा टेकडीच्या कडेवर डोके खाली आणि पाठ वर करून वाऱ्याकडे उभा राहतो. पाठीवर जमलेले धुके ओघळून त्याच्या तोंडात जाते. त्याच्या पाठीवरच्या उंचवट्यांची नक्कल करून पाणी गोळा करणारे पृष्ठभाग बनवण्याचे प्रयत्न झाले आहेत. मात्र 2001 च्या ज्या निबंधामुळे ही कल्पना गाजली, त्यातला स्टेनोकारा आणि असे खरोखर उभा राहणारा ओनिमाक्रिस हे दोन वेगळे भुंगेरे आहेत. पुष्कळ लेखांत त्यांची गल्लत झालेली असते.

सुनंदा_नंदुरबार

एक सावधगिरीची सूचना. डोंगरमाथ्यावरचे धुक्याचे पाणी सहसा स्वच्छ असते, पण बरेच दिवस कोरडी राहिलेली जाळी धूळ धरून ठेवते, त्यामुळे पहिले पाणी सोडून द्यावे. आणि खाली सपाटीवर, जिथे वीटभट्ट्यांचा आणि कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्याचा धूर असतो, तिथले धुके पिण्यासाठी मुळीच धरू नये.

डोंगरशाळा (21 सप्टेंबर)

धागा नऊ महिन्यांनी वर काढतो आहे, कारण उत्तर द्यायचे राहिले होते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चौकट उभी केली. जागा आयांनीच दाखवली. मी शाळेमागचा उंचवटा धरला होता, त्यांनी दोनशे पावले पलीकडची खिंड सांगितली, आणि तिथल्या सागाच्या खोडांवर पश्चिमेकडून खरोखरच शेवाळ होते. बाजूला पर्जन्यमापक ठेवला, म्हणजे पावसाचे पाणी कोणते आणि धुक्याचे कोणते हे निराळे काढता येईल. पन्हळीवर पत्र्याची अरुंद झडप बसवली. सातवीच्या चार मुली रोज सकाळी नोंद करतात.

जानेवारीत तीन पहाटे धुके आले. जाळी भिजली, पण कॅन कोरडी राहिली. फेब्रुवारीत तेही नाही. मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांच्या पानांवर सगळीकडे शून्य आहे. मुलींनी एकही दिवस न चुकवता ती शून्ये लिहिली आहेत, वर तारीख आणि समोर वाऱ्याची दिशा. जूनच्या अखेरीपासून चित्र बदलले. जुलैमध्ये एका सकाळी पर्जन्यमापकाचा तळ जेमतेम ओला होता आणि 20 लिटरची कॅन पाव भरली होती. असे दिवस पुढे बरेच आले.

म्हणजे प्राध्यापक सर म्हणाले तसेच झाले. आमच्याकडे धुके पाणी देते, पण झरा भरून वाहत असतो तेव्हा. वाटीने हंडा भरण्याच्या दिवसांत ते नसते. हे कळल्यावर दोन दिवस मी खिन्न होतो.

मग त्याच नोंदवहीतल्या पावसाच्या रकान्याकडे लक्ष गेले. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. शाळेच्या पत्र्याचे क्षेत्र 50 चौरस मीटर आहे. मोसमात 800 मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी 32000 लिटर होतात. हे पाणी आजवर पागोळ्यांनी अंगणात पडून दरीत जात होते. त्यातले 20000 लिटर झाकलेल्या टाकीत मेपर्यंत टिकले, तर शेवटच्या साठ दिवसांत पाड्यावरच्या वीस घरांना रोज एकेक हंडा मिळेल. ग्रामसभेत मुलींनी वही वाचून दाखवली आणि टाकीची जागा ठरली. जाळी काढणार नाही. तिचे पाणी खिंडीतल्या नव्या रोपांना जाते, आणि नोंद चालू ठेवायची असे मुलींनी ठरवले आहे.

नाला_बंधारा

सर, मी डिसेंबरात घाईने लिहिले होते. तीन महिने शून्य लिहिणाऱ्या त्या मुलींना माझा नमस्कार सांगा. टाकी फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेली, करा, डोंगरावर वाळू-विटा कमी चढवाव्या लागतील. आमच्याकडचा गवंडी दिवाळीनंतर मोकळा आहे, त्याला घेऊन मी स्वतः येतो.

रोपवाटिका_रावेर

पन्हळीसाठी सहा इंची पीव्हीसी माझ्याकडे पडून आहे. पत्र्याची लांबी आणि उतार कोणत्या बाजूला आहे तेवढे कळवा.

डोंगरशाळा

लांबी 33 फूट. पत्रा दोन पाखी आहे, म्हणून पन्हळ दोन्ही बाजूंना लागेल. टाकी पूर्वेच्या कोपऱ्यात येईल. गाडी खालच्या फाट्यापर्यंतच येते, तिथून पाइप खांद्यावर आणावे लागतील. आठवडे बाजाराच्या दिवशी निघालात, तर मदतीला पाड्यावरची माणसे फाट्यावरच भेटतील.